अकरा वेळा तोच आकडा

३ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरते. पण बातमी अशी आहे की तुम्ही खुर्चीतून उठाल. आमच्या कंपनीला पाणी शुद्धीकरण केंद्राचं काम मिळालंय. हो, तेच केंद्र. टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा जुना प्रोग्राम नव्या संगणकावर न्यायचा आहे आणि साहेबांनी नेमकं मलाच त्या कामाला जुंपलंय. प्रोग्राम उघडला तर वरच तुमची आद्याक्षरं! मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारचा ऑपरेटर दचकला.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्या केंद्राचा विषय निघाला की त्यांचा घास तोंडातच राहतो, तुम्हाला माहीत आहे. पडद्यासमोरची खुर्ची अजून तीच आहे म्हणे, बाबांच्या वेळची. मी तिच्यावर बसले नाही. दोन दिवस उभ्यानंच काम केलं.

आता भांडण. मी शाळेत असल्यापासून तुम्ही मला पत्रांतून शिकवत आलात की संगणकाला एक गोष्ट एकदाच सांगावी, तो काही नवरा नाही. आणि इथे तुम्ही स्वतः काय केलंय? टाकीवरचं यंत्र तारेतून बाराशेच्या वेगानं आकडे पाठवतं. म्हणजे संगणकानंही बाराशेच्याच वेगानं ऐकायचं. एक ओळ पुरते. तुम्ही मात्र आधी वेग चोवीसशे लावता आणि लगेच पुढच्या ओळीत बाराशे! शेजारी टीप: ‘दोनदा लावल्याशिवाय लागत नाही. कारण विचारू नये.’ काका, इतका कंजूष माणूस एक ओळ उधळतो कसा? मी ती चोवीसशेची ओळ नव्या प्रतीतून काढून टाकली आहे. रागावू नका.

आई बरी आहे. बाबा नेहमीसारखे, दुपारी जेवले की बिनपाठीच्या स्टुलावर बसून लोकांची कुलपं दुरुस्त करतात.

तुमची
खारूताई


९ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून उठलो खरा, पण चहा सांडून. फोन करणार होतो. मग आठवलं की फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं ऐकल्यासारखं मी करतो. म्हणून हे पत्र, आणि तेही तातडीच्या टपालानं.

ती ओळ आधी परत घाल. चेष्टा नाही.

कारण सांगतो. तारेचा वेग आपला प्रोग्राम स्वतः लावत नाही. तो सिस्टीमच्या लायब्ररीला सांगतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली हत्यारांची पेटी, सगळे प्रोग्राम तीच वापरतात. तिच्यात एक खोड आहे. कधीकधी ती ‘वेग लावला’ असं उत्तर देते आणि प्रत्यक्षात काहीच करत नाही. तोंडानं हो, हातानं नाही. आधी वेगळा वेग सांगितला की ती जागची हलते. एवढंच आहे. ही ओळ मी पहिल्या दिवसापासून ठेवलेली आहे. त्यात शोधण्यासारखं काही नाही.

आणि हो, दादाला यातलं काही सांगू नकोस. त्याच्या जखमेवरची खपली कशाला काढायची? वहिनींनाही नको. काम कर, पैसे घे, बाहेर पड. शक्य असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला दे.

इकडे थंडी कमी झाली. गुडघा बोलतो, कान ऐकत नाही, असं आमचं बरं चाललंय.

तुझा
काका


१३ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल पोचलं. एक दिवस उशिरा. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

परवा चाचणी होती. जुना संगणक आणि नवा संगणक शेजारी शेजारी ठेवले होते. दोघांना तीच तार जोडलेली. जुन्यात तुमची ओळ होती, नव्यात नव्हती. दोन्ही पडद्यांवर ३.४२ मीटर. साडेबाराच्या सुमाराला दिवे एकदा मिचकले. संगणक बॅटरीवर होते, बंद पडले नाहीत. फक्त तार ज्या डब्यातून संगणकात शिरते ते दोन्ही डबे, प्रत्येक संगणकाचा वेगळा, क्षणभर मेले आणि परत सुरू झाले. कुणी लक्षही दिलं नाही.

मग जुन्या पडद्यावर पाणी चढायला लागलं. ३.५०. ३.६१. ३.८०. आणि नव्या पडद्यावर ३.४२. पुन्हा पाहिलं, ३.४२. काका, तो पडदा बिघडलेला दिसत नव्हता हो! आकडा स्वच्छ, हिरवा, शांत. ना लाल दिवा, ना घंटा. समोर एकच पडदा असता तर मी शपथेवर सांगितलं असतं की टाकीत ३.४२ पाणी आहे. ऑपरेटरचं तोंड उघडंच राहिलं.

मग तीन तास खोदत बसले. डबा परत सुरू झाला की त्याचा वेग कारखान्यातून आला तसा होतो. आपला प्रोग्राम दर वेळी आकडा वाचण्याआधी म्हणतो, बाराशे लाव. लायब्ररी आपल्या टिपणात बघते, बाराशे तर मघाच लावलाय, आणि डब्याला हातही न लावता ‘झालं’ म्हणते. पुढे तारेतून नुसता कचरा, अर्थ न लागणारी अक्षरं, येतो. आणि कचरा आला की तुमचा प्रोग्राम शेवटचा चांगला आकडा दाखवत राहतो. हा नियम तुमचाच आहे, लायब्ररीचा नव्हे. वाचला मी.

काका, माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगायला नको. अपघाताच्या दिवशी ऑपरेटरच्या खुर्चीवर बाबा होते आणि त्यांनी नोंदवहीत बारा पन्नासपासून अडीचपर्यंत दर दहा मिनिटांनी एकच आकडा लिहिला होता. अकरा वेळा. चौकशीत ठरलं की जेवल्यावर त्यांना डुलकी लागली आणि जाग आल्यावर त्यांनी अकरा ओळी एकदम भरल्या. टाकी वाहिली, खालच्या पंपाच्या खोलीत पाणी शिरलं, लोखंडी दारात पंप बघणाऱ्या मिस्त्रींचा पाय सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. बाबांची नोकरी गेली. मी आठ वर्षांची होते. वर्गात मला ‘झोपाळूची पोर’ म्हणायचे.

परवा पाच मिनिटं मला वाटलं, बाबा झोपलेच नव्हते! मी जिन्यात जाऊन रडले, आनंदानं. काल तुमचं पत्र आलं. ती ओळ पहिल्या दिवसापासून होती म्हणता. म्हणजे त्या दिवशीही होती. म्हणजे आकडा अडकणं शक्यच नाही, आणि बाबा खरंच झोपले होते. असंच ना? एकदा स्पष्ट लिहा म्हणजे मी हा किडा डोक्यातून काढून टाकीन.

खारूताई


२१ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

हो. होती.

नव्या प्रतीसाठी उपाय सांगतो. वेग लावून झाला की लायब्ररीच्या ‘झालं’वर विश्वास ठेवू नकोस. डब्यालाच विचार, आत्ता तुझा वेग किती? उत्तर जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा लाव. आणि कचरा आला तर जुना आकडा दाखवू नकोस. पडदा रिकामा ठेव. माहीत नाही तर माहीत नाही म्हणावं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तब्येत ठीक नाही, म्हणून इतकंच.

काका


५ मार्च

काका,

खोटं का बोललात?

तुमचं दोन शब्दांचं उत्तर मला पुरलं नाही. तुम्ही दोन शब्दांत कधी काही लिहिलेलं नाही. पेन्सिलीला टोक कसं काढावं यावर तुम्ही मला चार पानं लिहिली होतीत. म्हणून केंद्राच्या कपाटातून चौकशीची फाईल काढून घेतली. तिच्या मागे एक पाकीट शिवलेलं होतं, लाखेचा शिक्का तसाच. आत एक फ्लॉपी. वर लिहिलंय, ‘अपघाताच्या दिवशी चालू असलेला प्रोग्राम. पुरावा म्हणून जमा.’ साहेबांची परवानगी घेऊन, दोन साक्षीदारांसमोर शिक्का फोडला. तेवीस वर्षांत तो कुणी फोडलेलाच नव्हता. चौकशी अशी झाली होती!

फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवायला चार दिवस गेले. अखेर एका भंगारवाल्याकडे सापडलं.

त्या प्रतीत चोवीसशेची ओळ नाही. फक्त बाराशे. एकदाच.

मग जुन्या संगणकावरच्या फाईलच्या तळाशी गेले. तिथे बदलांची यादी आहे, तुमच्याच शिस्तीनं ठेवलेली. अपघात १४ जूनचा. ओळ घातली ३ जुलैला. चौकशीत तुमची साक्ष १२ ऑगस्टची. ती मी फाईलमध्ये वाचली: ‘प्रोग्राममध्ये कोणताही दोष आढळला नाही.’ खाली तुमची सही, झोकदार. चाळीस दिवस तुम्हाला माहीत होतं. चाळीस दिवस उशाला घेऊन झोपलात आणि मग शपथेवर हे सांगितलंत. सख्ख्या भावाविरुद्ध.

थांबा, अजून आहे. पातळी पाहिली की ऑपरेटरनं एक कळ दाबायची, अशी सोय तुम्हीच केली होती ना? तिच्या नोंदी फ्लॉपीवर आहेत. बारा पन्नास. एक. एक दहा. एक वीस. अशा अडीचपर्यंत. अकरा नोंदी. झोपलेला माणूस दर दहा मिनिटांनी कळ दाबतो का हो? मी त्या वेळा वाचल्या आणि मला बसावं लागलं. बाबांच्या खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच.

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे तर चोराच्या कडेवर बसून मी लहानाची मोठी झाले. माझा पहिला संगणक तुम्ही पाठवलात. माझ्या कॉलेजचा खर्च तुम्ही केलात. दर महिन्याला पत्र, दर पत्रात कोडं. मला वाटायचं, काकांचा माझ्यावर केवढा जीव. ते सगळं काय होतं? मला उत्तर हवंय, आणि या वेळी दोन शब्दांत नको.


१२ मार्च

चि. खारूताईस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सगळं खरं आहे. एक ओळही तू चुकलेली नाहीस. शिष्या चांगली तयार झाली म्हणायचं का मी आता?

जुना आकडा धरून ठेवायचा नियम का केला ते सांगतो. तारेत थोडा कचरा रोजच यायचा. आकडा नाचायचा. दादा म्हणायचा, ‘अरे, डोळे दुखतात, याला एका जागी बसव.’ त्याच्यासाठी मी तो बसवला. अपघातानंतर मला खात्री होती की दादाच झोपला. खरंच वाटलं तसं. मग जुलैत एका दुपारी वीज मिचकली आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडा गोठला. तू लिहिलंस तेच, हिरवा, शांत. त्याच दिवशी लायब्ररीची खोड शोधली आणि तिला चकवणारी ओळ घातली. मग कळेच्या नोंदी काढल्या. अकरा. हो, मी त्या पाहिल्या होत्या.

लायब्ररी माझी नव्हती, तिचा दोष सांगायला मला काही भीती नव्हती. पण पहिला प्रश्न आला असता, कचरा येत असताना पडद्यावर आकडा दिसत कसा राहिला? ते माझं काम होतं. मिस्त्रींचा पाय माझ्या खात्यावर आला असता. मला वाटलं, दादाला ताकीद मिळेल, फार तर महिन्याचा पगार कापतील, ऑपरेटरला डुलकी लागणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. झाकली मूठ तशीच राहील. त्याला काढून टाकतील असं मनातही आलं नाही. काढलं. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. पुढचा आठवडा तेवीस वर्षं लांबला.

आणि तू विचारतेस ते सगळं काय होतं. पहिली दोन-तीन वर्षं भरपाई होती. मग तू मला कोडी उलट पाठवायला लागलीस आणि ती भरपाई राहिली नाही. हे खरं आहे, पण माझ्या खरेपणाला आता काय किंमत?

मी येतो. दादासमोर बसून स्वतः सांगतो. गुडघ्यासाठी औषध चालू आहे, पंधरा दिवस दे. तोवर त्याला सांगू नकोस, एवढी एक भीक घाल. त्यानं माझ्या तोंडून ऐकायला हवं.

काका


१९ मार्च

ती. काका,

तुमची भीक मी घातली नाही. तेवीस वर्षांत पंधरा दिवस खूप वेळा येऊन गेले.

रविवारी जेवणं झाली. बाबा स्टुलावर बसले, हातात कुणाचं तरी पितळी कुलूप. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. आई दारात उभी होती. पत्र अर्ध्यावर आलं तेव्हा ती खाली बसली, भिंतीला टेकून. मला वाटलं, बाबा ओरडतील, कुलूप भिरकावतील. मी त्याचीच तयारी करून बसले होते.

बाबा म्हणाले, “म्हणजे मी जागा होतो?”

मी म्हटलं, “हो बाबा.”

“नाही गं. डुलकी लागली होती. मान खाली गेल्याचं मला आठवतं. चांगलं आठवतं.”

काका, याची तयारी मी केली नव्हती. मी समजत होते की हा माणूस तेवीस वर्षं मनातल्या मनात म्हणत असेल, मी झोपलो नव्हतो. तसं काही नव्हतं. साहेब म्हणाले, साक्षीदार म्हणाले, सख्खा भाऊ म्हणाला, मग त्यांनीही मान्य करून टाकलं. नुसतं मान्य नव्हे, त्यांना ते आठवायलासुद्धा लागलं! घडलंच नाही ते आठवतं त्यांना. मान कुठल्या बाजूला गेली तेही त्यांनी करून दाखवलं. मिस्त्रींचा पाय आपल्या झोपेनं गेला, म्हणून पाठीला टेकू मिळेल अशा जागी हा माणूस दुपारी पुन्हा कधी बसला नाही. ताप आला तरी नाही. आम्हाला वाटायचं, कामाची सवय आहे.

मग मी फ्लॉपीवरच्या वेळा वाचल्या. बारा पन्नास. ते म्हणाले, “बारा पन्नास.” एक. “एक.” प्रत्येक वेळ ते माझ्यामागून म्हणत होते, लहान मूल पाढे म्हणतं तसे. एक चाळीसला थांबले. “एक चाळीसलाही दाबली?” म्हटलं, दाबली. “तेव्हा तर मला स्वप्न पडत होतं.” आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की आईनं त्यांच्या हातातलं कुलूप काढून घेतलं.

अडीचपर्यंत अकराही वेळा झाल्या. ते उठले. आतल्या खोलीत गेले, पलंगावर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. आम्ही दोघी घाबरून दारात. मी आत जायला निघाले तर आईनं मनगट धरलं. दोन मिनिटांत घोरायला लागले! बाबा घोरतात हे मला माहीतच नव्हतं. साडेपाचपर्यंत झोपले. आईनं नळसुद्धा सोडू दिला नाही. कुलपाचं गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं खुणेनंच परत पाठवलं.

उठल्यावर चहा घेतला आणि म्हणाले, “मिस्त्रीला मी सांगतो. तू येऊ नकोस.” सोमवारी जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. मिस्त्री कुबडी घेऊन कोपऱ्यापर्यंत सोडायला आले होते, एवढं शेजारणीनं पाहिलं.

माझा अहवाल काल दिला. लायब्ररीची खोड, कचऱ्यावर जुना आकडा दाखवायचा नियम, ३ जुलैची ओळ, १२ ऑगस्टची साक्ष, सगळं लिहिलंय. तुमचं नाव आहे. फ्लॉपी जोडली आहे. बाबांच्या बडतर्फीचा निर्णय रद्द करावा, अशी वेगळी मागणी साहेबांनी स्वतःच्या सहीनं केली. तुमचं काय करतील ते मला माहीत नाही आणि त्यात मी काही करणार नाही. नव्या प्रोग्रामात तुम्ही सांगितलेला उपाय घातलाय. डब्याला विचारल्याशिवाय तो पुढे जात नाही, आणि आकडा मिळाला नाही की पडदा रिकामा ठेवतो. उपाय चांगला आहे.

बाबा तुमच्याबद्दल एक शब्दही बोललेले नाहीत. ते बरं की वाईट, मला कळत नाही. तुमचं पत्र मात्र त्यांनी मागून घेतलं आणि किल्ल्यांच्या डब्यात ठेवलं. मी अजून तुमच्यावर इतकी चिडलेली आहे की हे पत्र तीनदा फाडलं. तरीही या. गुडघा बरा नसला तरी या.

फक्त दुपारी येऊ नका. बाबा झोपलेले असतात.

खारूताई